दोन रिकामे दिवस

रात्रीचे अकरा, तरी दाजी पेठेत
भिंतीला अजून दुपारच आहे.
पंख्याखाली तीन कागद पसरलेत,
उडू नयेत म्हणून वर शेंगाचटणीची पुडी.
नऊ दिवस. अकरा दिवस. चौदा दिवस.
तिन्हींत खिंड तीच, पाच हजार तीनशे मीटर,
तिन्हींच्या शेवटी तोच फोटो: पताका, लाल नाकं.

चौदाच्या कागदावर चौथ्या आणि आठव्या दिवसापुढे
नुसतं लिहिलंय, मुक्काम.
कुठून कुठे, किती किलोमीटर, रकाना कोरा.
कोऱ्या रकान्याचे पैसे मात्र लावलेत,
दिवसाला अडतीसशे.
सुताच्या पेढीवर एकोणीस वर्षं खतावणी लिहितेय मी,
कोरा रकाना दिसला की माझं पेन आपोआप उघडतं.

विरूपाक्ष नऊचा करून आला गेल्या वर्षी.
"केला की," म्हणतो, "उतरताना खेचरावरून."
स्वतःच हसतो. मग चहाच्या कपात बघत,
"तिसऱ्या रात्रीनंतरचं काही आठवत नाही गं.
बायकोचं नाव विचारलं डॉक्टरनं,
तर मी डबल चादरीचा भाव सांगितला म्हणे."

रजा शिल्लक सोळा.
दिल्लीपर्यंत जाऊन-येऊन चार धर,
चौदा आणि चार अठरा.
म्हणजे नेमके दोन बिनपगारी,
तेच ते दोन, बसायचे.
शेठ म्हणाले, "बसायचंच आहे तर दुकानात बस की,
इथं बसायचा पगार मिळतो."
खरंच आहे ते. मी वाद घातला नाही.

सराव चालू आहे. पाठीवर वीस टॉवेलांचा गठ्ठा,
पहाटे रेल्वेचा पूल, सात वेळा वर, सात वेळा खाली.
आमच्या गावात चढ म्हणजे एवढाच,
किल्ला आहे, पण त्याच्या नावातच भुई.

आमच्या माडीला तेरा पायऱ्या.
नायना सातवीवर थांबतो.
थांबलाय असं दाखवत नाही कधी,
उपरण्यानं कठडा पुसतो, मांजराला हाक मारतो,
खाली कोणी असलं तर विचारतो, आज कांदा काय भाव?
लहानपणी मला वाटायचं
सातव्या पायरीवर त्याचं काहीतरी काम असतं.
चाळीस वर्षं मागावर, छातीत कापूस.
परवा दवाखान्यात बोटाला चिमटा लावला,
आकडा आला चौऱ्याऐंशी.

कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना आहेत.
सहावी: पंच्याऐंशीच्या खाली आकडा असल्यास
त्या दिवशी वर चढायचे नाही.
मी ती तीनदा वाचली.
समुद्रापासून साडेचारशे मीटरवर,
दाजी पेठेत, बनियनवर,
हा माणूस रोज रात्री झोपायला वर जातो.

त्याला विचारलं नव्हतं, तोच म्हणाला,
"एन्नि रोजुलु?"
"पद्नालुगु," मी म्हटलं, "त्यातले दोन नुसते बसायचे."
तो बराच वेळ विचार करत राहिला.
बसायच्या दिवशी जेवण देतात का?
देतात.
मग काय!

सकाळी अर्ज लिहीन. दिवस: अठरा.
कारण या शब्दापुढे वैयक्तिक,
पेढीत सगळे तेच लिहितात,
लग्नालाही, मूळव्याधीलाही.
अडतीसशे दुणे शहात्तरशे,
वर दोन दिवसांचा पगार कापून.
अकराचा कागद अजून फाडलेला नाही, हेही सांगते.
त्याच्यात पुडीचं तेल उतरलंय, एवढंच.

आता दिवा घालवते. नायना वर निघालाय,
चार, पाच, सहा.
सातवीवर उपरणं कठड्यावरून फिरतंय,
मांजर तर केव्हाचं बाहेर गेलंय.
मी त्याच्या मागे, पाचवीवर,
पाठीवर वीस टॉवेल,
कांद्याचा भाव आठवत उभी.